कोडपल्लीचा आहेर

अवधूतनं कोडपल्लीचं नाव घेतलं आणि निवडणीच्या शेडमधली सगळी सुपं एकदम थांबली.

तो चपला बाहेर काढून शेडच्या मधोमध उभा होता. डाळीच्या जवळपास चप्पल घालून फिरायचं नाही, हा देगलूरच्या या दाळ मिलचा जुन्या मालकांपासूनचा, म्हाताऱ्या हणमंतरावांच्या वेळचा शिरस्ता. मॅनेजरकीच्या इतक्या वर्षांत तो अवधूतच्याही अंगवळणी पडला होता. दोन्ही बाजूंना बायका भिंतीला पाठ लावून बसलेल्या, पुढ्यात तुरीच्या डाळीचे ढीग. बातमी सांगून झाल्यावर तो थोडा थांबला. कुणीतरी हसेल, कुणी "अगं बाई" म्हणेल, निदान मल्लम्मा तरी आपल्या सवयीनं एखादा टोमणा मारेल, असं त्याला वाटत होतं. सुपं थांबलेलीच होती.

"कोडपल्ली," त्यानं पुन्हा सांगितलं. "तेलंगणात, मदनूरच्या अंगाला. तुमच्यातल्या निम्म्याजणींचं माहेर तिथलं, नाहीतर शेजारच्या गावचं. मिल तिकडं जाणार, कंपनी तिकडं जाणार, आणि तुम्ही पण. एकीलाही कामावरून काढणार नाही. तसं शपथेवर लिहून दिलंय. माझी सही आहे."

"कवा?" मल्लम्मानं विचारलं. शेडमधली ती सगळ्यांत जुनी बाई. बाकीच्या तिच्याकडं बघून बोलायच्या, तिच्याकडं बघून गप्प बसायच्या.

"सरकारची परवानगी आली की. दिवाळीच्या आत."

"हाव," मल्लम्मा म्हणाली आणि तिनं सूप उचललं. मग एकेक करत सगळ्यांनी उचललं.

आनंदानं माणसाची वाचा बसते, असं अवधूतनं कुठंतरी वाचलं होतं. तो मनातल्या मनात खूश होऊन बाहेर आला आणि चपला उलट्या पायात घालून ऑफिसकडं निघाला.

खूश व्हायला कारणही होतं. म्हाताऱ्या हणमंतरावांच्या मागं कंपनी दयानंदशेठच्या हातात आली होती आणि शेठच्या डोक्यात पलीकडच्या राज्यानं घर केलं होतं. तिकडं जमीन सवलतीत, वीज स्वस्त. "देश एक, बाजार एक, कर एक," शेठ येईल त्याला ऐकवायचे. "तुरीचा ट्रक रोज सीमा ओलांडतोय. नाक्यावर आता चौकीच न्हाई, चहाची टपरी हाय. मग मिलनं ओलांडली तर काय बिघडलं?"

पण कंपनी म्हणजे ट्रक नव्हे. नांदेडहून कंपनी कायद्याचं काम बघणारा सर्वेश आला तेव्हा त्यानं हे नीट समजावून सांगितलं होतं. कंपनीचा नोंदलेला पत्ता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागते. पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि ज्याच्या हिताला बाधा पोचते अशा कुणालाही ठरलेल्या मुदतीत आक्षेप घेता येतो. शिवाय संचालकांनी शपथेवर सांगायचं, की या स्थलांतरापायी एकाही कामगाराला काढणार नाही.

संचालक दोन. एक शेठ. दुसरा अवधूत, कारण कायद्याला दोन लागतात आणि शेठला भावंडं नव्हती. त्याचं संचालकपण म्हणजे पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी सही करणं, एवढंच. पण हा कागद त्यानं नीट वाचला होता आणि वाचताना त्याची छाती थोडी फुगली होती. शेठनं तीन जागा दाखवल्या, तेव्हा कोडपल्ली त्यानंच सुचवली. बायकांना दोन घास आपल्या माणसांत मिळतील, एखादी गाडी चुकली तर मुक्कामाला घर असेल. शेठनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं होतं आणि म्हणाले होते, "तुमी म्हणता तर कोडपल्ली."

दुपारी जेवायला घरी गेल्यावर त्यानं ही सगळी हकिगत गोदावरीला सांगितली. ती मेथी निवडत बसली होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"कुठली म्हणलात जागा?"

"कोडपल्ली. सांगतोय काय मग इतका वेळ?"

"ही तुमची अक्कल का शेठची?"

"माझी," अवधूत म्हणाला. ही शाबासकीची सुरुवात असावी, असं त्याला वाटलं.

गोदावरीनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "जळकोटला आमच्या दादाच्या दारासमोर मिल निघाली, अन् मी डोक्याला फडकं बांधून तिथं रोजानं डाळ निवडायला गेले. चालंल का तुम्हाला?"

"तू कशाला जाशील?"

"मी न्हाई जाणार. पण गेले तर?"

अवधूतच्या डोळ्यांपुढं मेहुणा आला. दर दिवाळीला बहिणीला न्यायला स्वतः येणारा, तिची पिशवीसुद्धा तिला उचलू न देणारा. "तुझा दादा गावात तोंड दाखवायचा नाही," तो म्हणाला आणि म्हणता म्हणता थांबला.

"मग त्यांचे भाऊ काय वाटंवर पडलेत? गरीब असले म्हणून काय झालं?" गोदावरीचा आवाज चढला. "माहेरात लेक पाहुणी म्हणून जाती. पाटावर बसती, ओटी घेती, येती. तिला तिथं मजुरीला बघितलं की गाव भावाला इचारतं, बहिणीला चार घास घालता येईनात का रे? अन् सासरच्याला इचारतं, बायको पोसवंना का? कुठल्याबी दुसऱ्या गावात मिल काढा, जातील बिचाऱ्या मरत-पडत. माहेरच्या गावात एक जाणार न्हाई. करायला गेलात गणपती अन् झाला मारुती."

अवधूतला बहीण नव्हती. असती तर हे आपल्याला सुचलं असतं, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं, पण त्यानं काही समाधान झालं नाही. ताटातली भाकरी तशीच राहिली. ती थांबलेली सुपं त्याला आता वेगळीच आठवू लागली. तो हात धुऊन सरळ मिलमध्ये गेला.

दयानंदशेठ केबिनमध्ये फोनवर होते. बोलणं संपेपर्यंत अवधूत उभाच राहिला.

"जागा बदलू या, शेठ," तो म्हणाला. "कोडपल्ली नको. बिचकुंद्याच्या रस्त्यावरची ती दुसरी घेऊ. माझं चुकलं. त्या गावात बायका कामाला येणार नाहीत. माहेर आहे त्यांचं."

शेठ हसले. हसणं कुत्सित नव्हतं, उलट जुन्या माणसाची गंमत वाटावी तसं होतं.

"अवधूतराव, मी ह्याच मातीतला. मला ठाऊक नसंल का?"

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"तुमी एवढ्या हौसेनं सांगत होता. म्हणलं, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन." शेठनं खुर्ची पुढं ओढली. "नवं मशीन येतंय. रंग बघून खडा उडवतं. त्याच्यापुढं पाच-सात बाया लई झाल्या. बाकीच्यांना काढायला जावं तर कायदा आडवा. आता काढायचंच न्हाई. आपण तर बोलावून राहिलोत त्यांना. त्या येत न्हाईत, तर आपला काय गुन्हा?"

"मी शपथेवर सांगितलंय, शेठ."

"मग खोटं काय हाय त्यात? एका तरी बाईला आपण जा म्हणलं का?"

अवधूतनं तो कागद मनात पुन्हा वाचून बघितला. खोटं काहीच नव्हतं. कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता आणि त्यातलं त्याचं भाबडेपण तेवढं शेठच्या कामाला आलं होतं. त्याला भयंकर लाज वाटली. लाजेच्या खाली भीतीही होती. या वयात दुसरी कुठली मिल आपल्याला दार उघडणार, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि तो आला म्हणून त्याला आणखी लाज वाटली.

"सर्वेश म्हणत होता," शेठ पुढं म्हणाले, "एक दिवस गाडी करून बायांना जागा दाखवून आणा. अर्जाला बरं दिसतं. गुरुवारी जावा. जेवढ्या येतील तेवढ्या न्या."

दुसऱ्या दिवशी अवधूत पेपरात आलेली नोटीस घेऊन शेडमध्ये गेला. यावेळी उभा राहिला नाही, पोत्यावर बसला. आक्षेपाची मुदत अजून आहे, तुम्ही सगळ्याजणी मिळून अर्ज करा, लिहायला मी मदत करतो, असं त्यानं सांगितलं. शेठच्या कानावर गेलं तर आपली धडगत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी आवाज खाली आणून का होईना, पण त्यानं सांगितलं.

"काय लिवायचं त्यात?" मल्लम्मानं विचारलं.

"की तिथं कामाला येणं तुम्हाला शक्य नाही."

"का शक्य न्हाई, इचारतील का न्हाई?"

"विचारतील."

"मंग? माझ्या भावाची मान खाली जाती असं लिवू?" मल्लम्मा सूप थांबवून त्याच्याकडं बघत होती. "कागूद ममईला जाईल. तिथला साहेब वाचंल, चार माणसांना दावंल. जी गोष्ट आमी घरात तोंडानं काढत न्हाई, ती अंगठा लावून सरकारला सांगू?"

"मग काम जाईल, मल्लम्मा."

"जाईल की. दिसून राहिलंय."

पलीकडून महानंदा बोलली. लग्न होऊन चारेक वर्षंच झालेली, शेडमधली सगळ्यांत धाकटी. "मला सख्खा भाऊ न्हाई, साहेब. पण चुलते हायेत. ते लई कडक."

अवधूतनं नोटीस घडी करून खिशात घातली. तो उठून दारापर्यंत गेला असेल, तेवढ्यात मल्लम्मानं मागून हाक मारली.

"साहेब, गुरुवारी मी येते जागा बगायला."

शेडभर कुजबुज झाली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. "माझं डोकं पिकलं आता. मला कोण काय म्हणतंय? माय-बाप तर गेले कवाच." मग थोड्या वेळानं, जरा हळू आवाजात, "घरी मानूस अर्ध्या अंगानं पडून हाय. न्हाई म्हणून कसं चालंल?"

गुरुवारी क्रूझर मिलच्या दाराशी लागली, तेव्हा एकटी मल्लम्माच आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. कामाची जागा बघायला जाताना असं कुणी नेसत नाही, हे तिलाही कळत असावं, कारण गाडीत बसल्यावर ती पदर पुन्हा पुन्हा सारखा करत राहिली. सीमा केव्हा गेली ते समजलंही नाही. बंद नाक्यावरची टपरी मागं पडली आणि दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं गोल झाली, इतकंच.

कोडपल्लीच्या अलीकडं माळावर मिलची जागा आखलेली होती. चुना टाकलेला, कोपऱ्यांना दगड. त्यातल्या एका दगडाशेजारी मोटारसायकल उभी होती आणि सावली नसलेल्या त्या माळावर एक पांढऱ्या धोतरातला माणूस वाट बघत थांबला होता.

"अमरेश," मल्लम्मा गाडीतच म्हणाली. तिचा धाकटा भाऊ. त्याला कुणी कळवलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्या भागात बातमी माणसाच्या आधी पोचते.

ती खाली उतरली. भाऊ पुढं आला, वाकून तिच्या पाया पडला. "बा अक्का, बा," त्यानं घरच्या कानडीत तिला ये म्हणून बोलावलं. मग अवधूतकडं वळून मराठीत म्हणाला, "घरी चला. पानं वाढलीत."

अवधूतनं मान वळवून चुन्याच्या रेघांकडं बघितलं. अमरेशअप्पानं एकदाही तिकडं बघितलं नाही.

घर दोन खोल्यांचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. पाट मांडलेले होते आणि त्यांच्याभोवती रांगोळी होती. अवधूतला मानाच्या पाटावर बसवलं. पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी. भावजय आग्रह करकरून वाढत होती. अमरेशअप्पानं पाऊसपाण्याचं विचारलं, मेहुण्याच्या दुखण्याचं विचारलं, बसवकल्याणच्या एका वैद्याचं नाव सांगितलं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या येऊन मल्लम्माच्या तोंडावरून हात फिरवून गेल्या. मिल, काम, जागा यांतला एकही शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. अवधूत घास गिळत होता आणि प्रत्येक घासाला त्याला वाटत होतं, की आता हा माणूस विचारेल. एकदाच काय ते बोलेल, शिव्या देईल, मग आपल्याला काहीतरी सांगता येईल.

जेवणं झाली. भावजयीनं मल्लम्माला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, नवं लुगडं आणि खण पुढं ठेवला. मग ओंजळी भरभरून तांदूळ, वर नारळ, हळकुंड, सुपारी, असं सगळं तिच्या पदरात घातलं. मल्लम्मानं मान खाली घालून ओटी घेतली. ओटी भरलेली लेक माहेरात रेंगाळत नाही, ती सासरच्या वाटेला लागते. अंगणातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. आता अवधूतलाही ठाऊक होतं.

तो उठायला लागला, तसं अमरेशअप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा बसवलं. कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला टेकवलं, डोक्यावर पांढरी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. सासरहून लेकीला घेऊन आलेल्या पाहुण्याला करतात तसा आहेर.

"तुमी बहिणीला संगं घेऊन आलात, लई उपकार," अमरेशअप्पा हात जोडून म्हणाला. "जशी आणलीत तशी नेऊन पोचवा. ती तुमच्या हवाली."

अवधूतनंही हात जोडले. त्याच्या तोंडून "हो" कसं निघालं हे त्याचं त्यालाच समजलं नाही.

परतीच्या वाटेवर मल्लम्मा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. पदरातली ओटी तिनं दोन्ही हातांनी आवळून धरली होती, गाडी खड्ड्यात आदळली की हात आणखी घट्ट व्हायचे.

"एक सबूद बोलला न्हाई," ती अखेर म्हणाली. "बोलला असता तर मी भांडले असते, साहेब. लई भांडण तयार करून गेले होते मनात. म्हणणार होते, मला दोन दिवस पोळी घालशील, पुढं?" तिनं डोळे पुसले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. "पोळी घातली अन् ओटी भरली. आता कुठल्या तोंडानं जाऊ तिथं सूप घेऊन?"

अवधूतनं खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. इतक्या वर्षांत त्याला पगार मिळाला होता, दिवाळीला मिठाईचा डबा मिळाला होता. विश्वासानं कुणी काही हवाली मात्र पहिल्यांदाच केलं होतं.

खिशातला फोन वाजला. शेठ होते. तो वाजून थांबेपर्यंत अवधूतनं उचलला नाही.

बंद नाक्याजवळ त्यानं ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. टपरीवरून मल्लम्माला चहा नेऊन दिला आणि टपरीच्या मागं उभं राहून नांदेडला सर्वेशला फोन लावला.

"मुदत संपायला अजून अवकाश आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे. का? कुणी आक्षेप घेतंय की काय?"

"मी."

"अवधूतकाका, तुम्ही संचालक आहात," सर्वेश सावकाश म्हणाला. "शपथपत्रावर तुमचीच सही आहे. शेठ तुम्हाला एक दिवस ठेवून घेणार नाहीत, हे कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि कायदा काय म्हणतो, ज्याच्या हिताला बाधा पोचते त्यानं आक्षेप घ्यायचा. यात तुमच्या हिताला कसली बाधा? काय म्हणून लिहू मी?"

अवधूतनं गाडीकडं बघितलं. मल्लम्मानं चहाचा कप खिडकीत ठेवला होता, प्यायली नव्हती. ओटी अजून तशीच मांडीवर धरलेली होती. टपरीवाला आपल्या कपाळाकडं का बघतोय हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. कुंकू पुसायला गेलेला हात त्यानं खाली घेतला आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

"एका बाईला मी कोडपल्लीला घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "तिला परत नेऊन पोचवायचंय."

"कुठं?" सर्वेशला काही उलगडा होईना.

"निवडणीच्या शेडमध्ये," अवधूत म्हणाला. "घ्या लिहून."